होडीसारखा बुजवलेला टेम्पो

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी वरोरच्या मासळीवाल्या मावशीला पुढे करतो. आईला हे मी तोंडावर सांगितलं आहे आणि तिला ते पटतं. मावशीने मला जळत्या टेम्पोतून पाय धरून बाहेर ओढलं. त्यानंतर त्याच टेम्पोसाठी मला पुन्हा विस्तव हातात घ्यायला लावला. दुसरी गोष्ट तिने केली नसती तर पहिलीचा फारसा उपयोग झाला नसता, असं मला आता वाटतं.

मी २०१४ साली अकरावीत असताना तलासरीला हायवेच्या कडेच्या एका डेंटिंगच्या गॅरेजमध्ये लागलो. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. आईवडील बोर्डीकडच्या चिकूच्या वाड्यांमध्ये रोजाने जायचे. कॉलेज चालू ठेवायचं तर सुट्टीचे दिवस कुठेतरी राबणं भाग होतं. गॅरेजचा मालक आणि मुख्य कारागीर एकच, मिस्त्री. तो मूळचा संजाणकडचा. घरी गुजराती बोलायचा, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि पत्र्याशी नुसत्या शिव्या. मला तो ‘भणेला’ म्हणायचा. भणेला म्हणजे शिकलेला, पण त्याच्या तोंडी ती शिवीच होती. चूक झाली की हातात असेल ते फेकायचा. पाना, छन्नी, चहाचा ग्लास. नेम चांगला नव्हता म्हणून आम्ही टिकलो.

लोकांना वाटतं की गंजलेल्या गाडीचं काम म्हणजे थोडं घासायचं, थोडं भरायचं आणि रंग द्यायचा. तसं करणारेही असतात. भोकात फडकं कोंबायचं, वर पुट्टी थापायची, चकचकीत रंग मारायचा, आणि पुढच्या पावसात गिऱ्हाईक शिव्या देत परत. आमचा मिस्त्री असं करत नसे. त्याचं म्हणणं, गंज म्हणजे सडलेलं बोट. जिवंत मांस लागेपर्यंत कापायचं. म्हणून आमच्याकडचं काम ही सरळसरळ मारामारी असायची. ग्राइंडर पत्र्यात घुसला की किंचाळी उठायची, ठिणग्या मनगटावर, मानेवर, सदऱ्याच्या आत शिरायच्या. कापलेल्या पत्र्याची कड वस्तऱ्यासारखी. आमच्या कुणाच्याही हातावर न कापलेली जागा उरली नव्हती. कॉलेजात वही काढली की पानांवर तांबडे डाग पडायचे. गंजाचे की रक्ताचे, ते बघावं लागायचं.

२०१७ च्या पावसाळ्यात, मी दुसऱ्या वर्षाला असताना, मावशीचा टेम्पो दुसऱ्या गाडीला दोर बांधून आमच्या दारात आला. दोरामागे मावशी स्वतः, स्टिअरिंगवर. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण ओढलेल्या गाडीचं चाक सरळ धरायला काय यावं लागतं, असं तिचं म्हणणं.

वरोरची मासळी वाणगावच्या आणि तलासरीच्या बाजारात न्यायचा तो टेम्पो. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं त्याच्या अंगावरून वाहिलेलं. ड्रायव्हरच्या पायाखालून खालचा रस्ता दिसत होता. मागच्या मडगार्डच्या जागी नुसती जाळी उरली होती. दाराखालचा जो लांब पोकळ पत्रा असतो, ज्यावर सगळी केबिन उभी असते, तो बोटाने दाबला की पापडासारखा मोडत होता.

मिस्त्री हातोडी घेऊन गाडीभोवती फिरला. तो पत्रा वाजवून बघायचा. चांगला असेल तर ठण्ण वाजतो, सडलेला असेल तर थप्प. आवाज सगळीकडे थप्पच येत होता, आणि दर ठोक्याला लाल चुरा खाली पडत होता.

“अरे, मारतोस काय त्याला!” मावशी ओरडली. “आजारी आहे तो.”

“आजारी नाय, मासी. मेलेला आहे. भंगारवाल्याला बोलवा.”

“भंगारात घालायचा असता तर तो माझ्या दिरानेच घातला असता. तुझ्यापर्यंत कशाला आणला असता?”

मग तिने सांगितलं ते असं. तिचा नवरा कावीळ होऊन गेला. टेम्पो त्याचा. धाकटा दीर म्हणत होता, टेम्पो आमच्या घराचा, बाईमाणसाच्या हातात ठेवून सडवायचा कशाला, मी विकतो. भांडण गावातल्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत गेलं. तिथे ठरलं की नारळी पौर्णिमेला होड्यांची पूजा होते त्या दिवशी टेम्पो स्वतःच्या चाकांवर बंदरावर येऊन उभा राहिला, तर तो वहिनीचा. नाही आला, तर दिराचा. बैठकीचा शब्द दोघांनी मान्य केला होता. डहाणूतल्या गॅरेजवाल्यांशी दिराची ऊठबस होती, त्यामुळे तिथे कोणी हात लावायला तयार नव्हतं. म्हणून ती तलासरीला आली.

“टेम्पो गेला तर मी डोक्यावर पाटी घेऊन एसटीच्या मागे धावायची,” ती म्हणाली. “नाही तर दिराच्या ओट्यावर बसून त्याची मासळी साफ करायची. त्यापेक्षा मी समुद्रात उडी घेईन.”

मिस्त्रीने पुन्हा एक ठोका मारला. पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा त्याच्या पायावर पडला. त्याने त्या तुकड्याला शिवी दिली आणि मला म्हणाला, “ए भणेला, ग्राइंडर लाव.”

त्या दिवसापासून मावशी रोज सकाळच्या एसटीने यायची. सुकी मासळी बाजारात विकायची आणि मग आमच्या दारातल्या उलट्या पिंपावर येऊन बसायची. दीर टेम्पो ओढून नेईल अशी तिला भीती होती. बसल्या बसल्या ती मिस्त्रीशी भांडायची. तो एक शिवी द्यायचा, ती दोन. मला तिने पहिल्याच दिवशी विचारलं, “कॉलेजात काय शिकतोस?”

“इतिहास, मावशी.”

“म्हणजे मेलेल्यांचं. मग बरोबर ठिकाणी आलास.”

आम्ही सडलेलं सगळं कापत गेलो. कापता कापता चांगल्यापेक्षा वाईट जास्त निघालं. दाराखालचा पत्रा काढायचा तर वरची केबिन खाली बसू नये म्हणून मिस्त्रीने ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी अँगल वेल्डिंगचे टाके मारून बसवले. त्या बाजूने आतबाहेर करणं बंद झालं. दुसऱ्या बाजूचं दार आम्ही काढूनच ठेवलं होतं.

त्या दुपारी मी केबिनमध्ये पालथा पडून तळाच्या नव्या पत्र्याला गॅसने टाके मारत होतो. डोकं बंद बाजूला, पाय उघड्या दाराकडे. मिस्त्री मागे मडगार्ड ठोकत होता. ज्योत दाराखालच्या पोकळ पत्र्याजवळ आली तशी मला एक वास आला. मासळीचा वास त्या टेम्पोला होताच. हा वेगळा होता, देवळात धूप जाळावा तसा. मी तो ओळखायच्या आत पत्र्याच्या आतून ‘भप्प’ असा आवाज झाला, आणि सगळ्या भोकांमधून एकदम जाळ वर आला.

मला पुढचं तुकड्या तुकड्यांनी आठवतं. भुवया जळाल्याचा वास. समोर अँगल, त्याच्यापलीकडे दिवसाचा उजेड, आणि मधे आग. मी हातातली वेल्डिंगची गॅस टॉर्च टाकली होती, पण ती जळतच पडली होती आणि माझ्या बाहीकडे वळली होती. उठायला गेलो तर डोकं डॅशबोर्डाखाली आपटलं.

मग कोणीतरी माझे दोन्ही घोटे धरले आणि मला असं ओढलं की हनुवटी पत्र्यावर खरडत गेली. अर्धा बाहेर आल्यावर माझा सदरा सीटच्या बोल्टला अडकला. तेव्हा एक हात जाळातून आत आला, माझे केस मुठीत धरले, आणि मला पिरगाळून सोडवलं. मी दगडांवर पडलो. माझ्या अंगावर ओलं गोणपाट पडलं आणि त्यावरून कोणीतरी मला बडवायला लागलं. ती मावशी होती. आग विझल्यावरही ती बडवतच होती.

“बस कर, मासी, आता तूच मारशील त्याला,” मिस्त्री म्हणाला. त्याने सिलिंडरची चावी बंद केली होती आणि टेम्पोवर वाळू ओतत होता.

जाळ विझल्यावर त्याने हुक घालून पोकळ पत्र्यातून काहीतरी ओढून काढलं. काळा, तेलकट, दोरासारखा वळलेला कापूस. वावभर, दोन्ही हात पसरल्याएवढा, तर निघालाच, अजून येतच होता.

“हे कोणी भरलं?”

“मी,” मावशी म्हणाली. “दर वर्षी भरते.”

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात तेव्हा त्यांच्या फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळ घालून बुजवतात, वरून मुशी माशाच्या काळजाचं तेल चोपडतात. लाकूड त्याने टिकतं. मावशीच्या नवऱ्याने टेम्पोला पहिलं भोक पडलं तेव्हा होडीबरोबर टेम्पोचंही तसंच केलं, आणि तो गेल्यावर तिने ते चालू ठेवलं. दर वर्षी, प्रत्येक भोकात, हाताने. वरून डांबर. आम्ही वरचं डांबर खरवडलं होतं, पण आत पोकळीत काय ठासलेलं आहे याची आम्हाला कल्पना नव्हती. होडीला चालतं ते गाडीला का नाही, असा तिचा साधा हिशोब होता. कापूस खारं पाणी धरून ठेवतो आणि लोखंड आतून खातो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मिस्त्रीचा चेहरा लालबुंद झाला. त्याने हात उचलला. बाईवर हात टाकता येत नाही म्हणून तो वळला आणि माझ्या कानाखाली लगावली. “वास आला नाय तुला? नाक कॉलेजात ठेवून आला?”

मी आधीच जळालेला होतो. त्या थपडेने माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मग दुसरा आवाज ऐकला, पहिल्यापेक्षा मोठा. मावशीने मिस्त्रीला मारली होती. पूर्ण हाताने, मासळीच्या बाजारात उभं राहून तयार झालेल्या हाताने.

“चूक माझी,” ती म्हणाली. “मारायचं तर मला मार. जळालेल्या पोराला मारतोस, मुडद्या?”

मिस्त्रीने गालावर हात ठेवला. त्याच्या गालावर तिच्या बोटांची काजळी उमटली होती. तो हसेल असं मला वाटलं नव्हतं, पण तो हसला. “मासी, तुझा हात तर माझ्या हातोडीपेक्षा जड आहे,” म्हणाला, आणि मग त्याचं लक्ष त्याच हाताकडे गेलं. कोपरापर्यंतची कातडी सोलवटून लोंबत होती. तिला तोवर ते कळलंच नव्हतं. आम्हा दोघांना त्यानेच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

टेम्पो जळाल्याची बातमी वरोरला पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी दीर दोन माणसांना घेऊन जीपने आला. मी सुजलेल्या तोंडाने पिंपावर बसलो होतो, मावशी हाताला पट्टी बांधून माझ्या शेजारी. टेम्पोला अर्धा तळ नव्हता, केबिनची एक बाजू काळी पडली होती.

“काय वहिनी, भडाग्नी दिला का?” दीर म्हणाला. “चला, अस्थी मी घेऊन जातो.”

“पौर्णिमेला अजून वेळ आहे. बैठकीत ठरलं ते विसरलास?”

“बैठकीत गाडीचं ठरलं होतं. ही गाडी राहिली कुठे?” त्याने जीपमधून पहार काढली. “बघू, टिकते का तुमची डागडुजी.” आणि मिस्त्रीने त्या सकाळी बसवलेल्या मडगार्डच्या नव्या पत्र्यात त्याने ती पहार घातली. पत्रा टरकन फाटला. दुसरा घाव त्याने दाराच्या खांबावर घातला.

मिस्त्री टेम्पोखाली आडवा पडून काम करत होता. दुसऱ्या घावाला तो बाहेर आला. त्याने शिवीही दिली नाही. तिसरा घाव घालायला दिराने पहार उचलली तेव्हा मिस्त्रीने हातातली हातोडी त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो थप्प असाच होता.

मग सगळेच भिडले. एकाने मिस्त्रीला मागून कवटाळलं, दुसऱ्याने पोटात लाथा घातल्या. मी कापलेल्या पत्र्याची पट्टी उचलून मधे पडलो. ती माझ्याच तळहातात रुतली, पण समोरचा मागे सरला. मावशी एका हाताने दिराच्या मानगुटीला धरून ओरडत होती, “भावाच्या चितेवर रडला होतास ना रे तू! तो रडलेला कोण होता?” हायवेवरचे ट्रकवाले उतरून आले तेव्हा कुठे ते थांबलं.

संध्याकाळी पोलीस आले आणि मिस्त्रीला घेऊन गेले. ते बरोबरच होतं, मनगट त्यानेच मोडलं होतं. जाताना तो मला म्हणाला, “भणेला, पत्रा मागे ठेवलाय. मासीचं काम थांबवू नको.”

काम मात्र थांबलं. तलासरीतल्या दुसऱ्या कारागिरांनी पोलिसांच्या भानगडीतली गाडी नको म्हणून हात जोडले. उरलो मी. तीन वर्षांत मी पत्रा कापायला, ठोकायला, टाके मारायला शिकलो होतो. पण आता टॉर्च पेटवली की ज्योत धरताना होणाऱ्या त्या ‘फट्’ आवाजाने माझे हात आपोआप उघडायचे. टॉर्च खाली पडायची. पहिल्या वेळी पडली, दुसऱ्या वेळी पडली. त्यानंतर मी चावी उघडायलाच तयार होईना. पौर्णिमा तोंडावर आली होती. मी मावशीला म्हणालो, “मला नाही जमणार. तुम्ही बैठकीला सांगा, थोडे दिवस वाढवून द्या.”

ती हुक घेऊन टेम्पोजवळ बसली आणि पोकळ पत्र्यांमधला उरलेला कापूस ओढून काढायला लागली. प्रत्येक भोकात हुक घालायचा, ओढायचं, वास घ्यायचा, पुन्हा घालायचा. नवऱ्याने भरलेला आणि तिने भरलेला, सगळा. जळलेल्या हाताची पट्टी ओली झाली. ढीग झाला तो तिने लांब रस्त्याकडेला नेऊन टाकला. मग सगळ्या पोकळ्यांमध्ये सोड्याचं गरम पाणी ओतून धुतल्या. मग टेम्पोशेजारी पाण्याच्या बादल्या आणि भिजवलेली गोणपाटं मांडून ठेवली.

आणि मग तिने टॉर्च उचलली.

“मावशी, ठेवा ती!”

“तुला जमत नाही ना? मग मी करते. कुठे फिरवायची ते सांग.”

तिने चावी फिरवली आणि लायटर मारला. नुसता गॅस पेटला. पिवळा, हातभर लांब, काजळी ओकणारा जाळ. तो तिच्या पदराकडे झुकला. तिला तो कमी कसा करायचा ते माहीत नव्हतं, आणि ती तो तसाच घेऊन टेम्पोकडे निघाली. मी धावलो. तिच्या हातातून टॉर्च हिसकावली, ऑक्सिजनची चावी उघडली, आणि जाळ आखडत आखडत निळा, टोकदार झाला. टॉर्च माझ्या हातात होती आणि माझा हात उघडला नव्हता.

“आता आत जा,” ती म्हणाली. “मी पायाशी आहे.”

ती खरोखर पायाशी बसली. एका हाताने तिने माझा घोटा धरून ठेवला होता. मी डोकं आत घालून टाके मारत गेलो. कुठे काही चरचरलं तरी माझं सगळं अंग ताठ व्हायचं, मग घोट्यावरची पकड घट्ट व्हायची. मी एकदा म्हणालो, “मावशी, भीती वाटते.” ती म्हणाली, “मलाही वाटते. मार पुढचा टाका.”

पुढचे दिवस मी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत तेच केलं. कॉलेज बुडालं. पहारीने फाटलेला मडगार्ड मी पुन्हा कापला. भंगारातल्या एका बोनेटचा पत्रा काढून तो ठोकून गोल केला. ठोकताना माझ्या डोळ्यांपुढे दिराचं तोंड होतं, हे मी लपवत नाही. दर घावाला मी त्याला मारत होतो. खांद्यात कळा येऊ लागल्या तरी मारत होतो. शेवटी मावशी म्हणाली, “पत्र्याला बस झालं. तो मेला.”

पौर्णिमेच्या सकाळी मिस्त्री जामिनावर सुटून आला. बरगडीला पट्टी, डोळ्याखाली निळं. आला तो सरळ टेम्पोकडे. खाली वाकला, माझे टाके बघितले.

“हे शिवलंय की चावलंय?”

त्याने हातोडी घेतली आणि दाराखालच्या नव्या पत्र्यावर जीव खाऊन एक घाव घातला. ठण्ण. दुसरा घातला. ठण्ण. मग त्याने मडगार्डवर, खांबावर, तळावर, सगळीकडे घातले. माझ्या कामावर आजवर इतक्या निर्दयपणे कोणी तुटून पडलं नाही. त्याने हातोडी टाकली आणि म्हणाला, “दिसायला घाण आहे. चालेल.” मग माझ्या डोक्यावर टपली मारली. ती मोजली तर त्याच्या आयुष्यातली सर्वांत हलकी असेल.

रंग दिलेलाच नव्हता. नुसता लाल प्रायमर मारलेला. मिस्त्रीने स्टिअरिंग धरलं, मावशी मधे, मी दाराशी. बोर्डीवरून चिकूच्या वाड्यांमधून डहाणू, तिथून पुढे वरोर. प्रत्येक खड्ड्याला मी तळाकडे बघत होतो. खालचा रस्ता आता दिसत नव्हता.

बंदरावर होड्यांना माळा घातलेल्या होत्या. टेम्पो आला तसं ढोल वाजवणारेही थांबले. दीर गळ्यात प्लॅस्टरचा हात घेऊन उभा होता. “नुसता रंग फासलाय,” तो म्हणाला. “खाली पुट्टी असणार. पाय ठेवला तर आत जाईल.”

बैठकीतले एक म्हातारे पुढे आले. अंगाने चांगले दांडगे. त्यांनी चप्पल काढली, केबिनमध्ये चढले, आणि तळावर दोन्ही पायांनी उडी मारली. टेम्पो हलला. त्यांनी पुन्हा मारली. मग वाकून हात फिरवला, आणि मावशीकडे बघून म्हणाले, “सुनबाई, नारळ आण.”

मावशीने नारळ टेम्पोच्या पुढच्या चाकाजवळ फोडला. हातात जोर नव्हता, तरी एका फटक्यात फुटला. गर्दीच्या मागून एक दगड आला आणि समोरच्या काचेची जाळी झाली. कोणी मारला ते सगळ्यांना कळलं. मिस्त्री त्या दिशेने निघाला तसा मावशीने त्याचा खांदा दाबून धरला. “काच फुटली. टेम्पो नाही,” ती म्हणाली. तो हंगाम तिने पुढे काच नसलेल्या टेम्पोतूनच मासळी पाठवली. भाड्याचा ड्रायव्हर तोंडाला फडकं बांधून चालवायचा.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी गॅरेजचं काम करत मी कॉलेज पुरं केलं. माझी हातोटी वाढली तसं मिस्त्रीने मला वेल्डिंगची कामं स्वतंत्र द्यायला सुरुवात केली, आणि त्यावर माझं शिक्षण झालं. २०१९ मध्ये मी पदवीधर झालो आणि थोड्याच महिन्यांत दुसऱ्या तालुक्यात लिपिक म्हणून लागलो. निघायच्या आदल्या आठवड्यात मिस्त्रीने सांगितलं की मावशीला गाडी चालवायचा परवाना मिळाला, टेम्पो आता ती स्वतः चालवते. मी वरोरला जाऊ शकलो नाही. नवीन गावी गेल्यावर हे पत्र टाकलं.

*

मावशी,

हे पत्र तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवेल. जो वाचेल त्याला माझी विनंती, मधलं काही गाळू नये आणि हळू आवाजात वाचू नये. मावशी हळू आवाजातलं ऐकत नाहीत.

मी पास झालो. सरकारी नोकरी लागली. दिवसभर खुर्चीवर बसतो. माझ्या टेबलाला पंखा आहे. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, हाताला हे काय झालं? मी सांगितलं, पत्र्याचं काम करायचो. ते म्हणाले, अरे वा. त्यापुढचं मी त्यांना सांगितलं नाही. ते लोकांना सांगायचं म्हटलं की मी रडायला लागतो, आणि नवीन ठिकाणी तसं बरं दिसत नाही.

तुम्ही मला ओढून बाहेर काढलं त्याबद्दल मी तुमच्यासमोर कधी बोललो नाही. तुम्हीही बोलला नाहीत. मिस्त्री म्हणतात, तुम्ही बाजारात कोणी हाताबद्दल विचारलं तर ‘भाकरी भाजताना’ असं सांगता. भाकरी भाजताना कोपरापर्यंत भाजत नाही, मावशी. तुम्ही खरं सांगा. म्हणा, एक पोरगा आत अडकला होता, त्याला काढला. तो आता कामाला लागला आहे, असंही सांगा. मला त्याची लाज नाही, अभिमान आहे.

तुम्ही टेम्पो चालवता हे कळलं. मिस्त्रींनी सांगितलं की पहिल्याच आठवड्यात दिराने रस्त्यात टेम्पोला आडवा यायचा प्रयत्न केला, आणि तुम्ही ब्रेक न लावता हॉर्न धरून ठेवला, आणि तोच गटारात उतरला. हे खरं असेल तर मला आनंद झाला आहे. पण पुढच्या वेळी ब्रेक लावा. तो गेला तर तुम्हाला आत घालतील, आणि मग मासळी कोण नेणार?

माझ्या पहिल्या पगारातून मी आईसाठी लुगडं घेतलं आणि तुमच्यासाठी एक जाड हातमोज्यांचा जोड घेतला आहे, बर्फाच्या पाट्या उचलायला. उजवा हात थंडीत अजून दुखतो असं ऐकलं. पार्सल मिस्त्रींच्या पत्त्यावर येईल. ते स्वतः वापरायला घेतील, तर तुम्ही जाऊन मागून घ्या. द्यायला कां-कूं केली तर त्यांना तुमचा डावा हात दाखवा, तोही तेवढाच जड आहे.

दिवाळीत येईन. वाणगाव स्टेशनला तुम्ही बाजार आटोपून परत जाताना मला घ्या. मी पुढे बसेन.

तुमचा
इतिहासवाला